नेमबाजीचे पिस्तूल आणि त्याची मूठ

नेमबाजी हा खेळ दुरून पाहणाऱ्यास फार सोपा वाटतो. खेळाडू एका जागी उभा राहतो, एक हात उचलतो, चाप ओढतो आणि हात खाली घेतो. धावणे नाही, उडी नाही, प्रतिस्पर्ध्याशी झटापट नाही. त्यामुळे पुष्कळांचा असा समज होतो, की पिस्तूल जितके महाग तितका नेम अचूक. आमच्या निवासी शाळेत हा खेळ सुरू झाला तेव्हा आमचाही समज याहून फारसा वेगळा नव्हता. एका माजी विद्यार्थ्याने आपले वापरलेले हवेचे पिस्तूल शाळेला भेट दिले. चांगले साधन हाती आले, आता उरले ते केवळ सरावाचे काम, असे आम्ही धरून चाललो. हा समज कसा चुकीचा ठरला आणि एका विद्यार्थिनीमुळे आम्हाला पिस्तुलाच्या मुठीचा अभ्यास कसा करावा लागला, हे या स्मरणिकेच्या निमित्ताने वाचकांपुढे ठेवावेसे वाटते.

अहिंसेचा संस्कार देणाऱ्या शाळेत पिस्तूल कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. तो आमच्या पालकसभेतही विचारला गेला आणि तो विचारणे योग्यच होते. पिस्तुलाचा इतिहास निष्पाप नाही. खुद्द या खेळातही, २५ मीटरच्या शीघ्र प्रकारात, एके काळी मानवाकृती लक्ष्ये वापरली जात. पुढे ती वगळून त्या जागी वर्तुळाकार लक्ष्ये आणली गेली. आम्ही निवडलेल्या प्रकारात बंदुकीची दारू नसते. दाबलेल्या हवेच्या जोरावर सुमारे अर्धा ग्रॅम वजनाचा शिशाचा छर्रा कागदावर सोडला जातो. तरीही पिस्तूल रिकामे असो वा भरलेले, त्याचे तोंड कोणाही सजीवाकडे वळवायचे नाही, हा आमच्या सरावाचा पहिला नियम आहे. तो मोडणाऱ्याचा सराव त्या दिवसापुरता थांबतो, मग तो कितीही चांगला खेळाडू असो.

खेळाचे स्वरूप

दहा मीटर हवाई पिस्तूल या प्रकारात खेळाडू लक्ष्यापासून १० मीटरवर उभा राहतो. पिस्तूल एकाच हाताने धरायचे असते. मनगटाला कोणताही आधार चालत नाही. लक्ष्याच्या मधल्या, म्हणजे दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास ११.५ मिलिमीटर असतो. नेहमीच्या शर्टाच्या बटणाएवढी ही जागा. तिच्याभोवतीचे प्रत्येक वर्तुळ ८ मिलिमीटरने बाहेर सरकते आणि एकेक गुण कमी होतो. सात गुणांच्या वर्तुळापर्यंतचा भाग काळा असतो व त्याचा व्यास ५९.५ मिलिमीटर असतो. मोठ्या गटाच्या स्पर्धेत ७५ मिनिटांत ६० छर्रे सोडावयाचे असतात, म्हणजे पूर्ण गुण ६००. पूर्वी महिलांसाठी ४० छर्रे असत. २०१८ पासून पुरुष व महिला दोघांनाही ६० आहेत.

पिस्तुलासाठीही आंतरराष्ट्रीय महासंघाचे नियम आहेत. छर्रा ४.५ मिलिमीटरचा असावा. पिस्तुलाचे एकूण वजन १५०० ग्रॅमपेक्षा अधिक नसावे. चापावर किमान ५०० ग्रॅमचा भार पडल्याशिवाय तो सुटता कामा नये. आणि सगळे पिस्तूल, मुठीसह, ४२० मिलिमीटर लांब, २०० मिलिमीटर उंच व ५० मिलिमीटर रुंद अशा पेटीत मावले पाहिजे. स्पर्धेपूर्वी पंच चापाला वजन टांगून आणि पिस्तूल पेटीत ठेवून ही तपासणी करतात.

आता नेम धरण्याविषयी. पिस्तुलाच्या मागील टोकाला एक चौकोनी खाच असते आणि पुढील टोकाला एक उभी पट्टी असते, तिला आपल्याकडे माशी म्हणतात. डोळ्याने पाहिल्यावर माशी खाचेच्या बरोबर मधोमध दिसावी, तिच्या दोन्ही बाजूंना प्रकाशाच्या सारख्या फटी राहाव्यात आणि तिचे वरचे टोक खाचेच्या काठाशी समपातळीत असावे. नजर माशीवर स्थिर ठेवायची. लक्ष्याचा काळा गोल त्यामागे अंधुक दिसला तरी चालतो. नवशिक्या विद्यार्थ्याला हे पटत नाही. ज्यावर मारायचे तेच अंधुक ठेवा, हे त्याला विपरीत वाटते. परंतु यामागे साधे भूमितीचे गणित आहे आणि ते आम्ही नववीच्या वर्गात समरूप त्रिकोणांच्या पाठाबरोबरच शिकवू लागलो आहोत.

समजा, खाच आणि माशी यांच्यामध्ये ३५ सेंटिमीटर अंतर आहे. खेळाडूचा सगळा हात पाच मिलिमीटर डावीकडे सरकला, पण माशी खाचेच्या मधोमधच राहिली, तर छर्राही लक्ष्यावर पाच मिलिमीटरच डावीकडे जाईल आणि गुण दहाच मिळतील. याउलट हात जागच्या जागी राहिला, पण मनगट किंचित वळून माशी खाचेत एक मिलिमीटर बाजूला गेली, तर ती चूक दहा मीटरवर सुमारे २८ पट होते. छर्रा मध्यापासून जवळजवळ तीन सेंटिमीटर दूर पडतो आणि दहाचे सात होतात. हाताचा कंप हा कोणालाच पूर्णपणे टाळता येत नाही; थोर खेळाडूंचाही हात हलतो. त्या कंपापेक्षा मनगटाचे वळणे कितीतरी पटींनी घातक आहे. म्हणून पिस्तूल प्रत्येक वेळी हातात अगदी त्याच जागी, त्याच कोनात बसले पाहिजे. साठपैकी साठही वेळा. हे काम नळी करीत नाही, चाप करीत नाही. ते मूठ करते.

हातासाठी घडविलेले पिस्तूल

या कारणाने स्पर्धेतील पिस्तूल हे कारखान्यातून आल्यावर अर्धेच तयार असते, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही. स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया, जर्मनी, इटली या देशांतील मोरिनी, स्टायर, वाल्थर, फाइनवेर्कबाऊ, पार्डिनी यांसारख्या कंपन्या अशी पिस्तुले बनवितात. त्यांच्या मुठी बहुधा अक्रोडाच्या लाकडाच्या असतात आणि लहान, मध्यम, मोठी अशा मापांत मिळतात. पण हात काही तीन-चार मापांत जन्माला येत नाहीत. त्यामुळे खेळाडू ती मूठ घासून, तिच्यात भर घालून आपल्या हाताशी जुळवून घेतो. काही कारागीर तर खेळाडूने कागदावर काढून पाठविलेल्या हाताच्या आकृतीवरून संपूर्ण मूठ कोरून देतात.

ही कला सर्वांत पुढे गेली ती ५० मीटर पिस्तूल या जुन्या प्रकारात. त्याला मुक्त पिस्तूल असेही म्हणत, कारण त्यात वजनाचे वा चापाच्या भाराचे बंधन नव्हते. त्यातील मूठ हाताला सर्व बाजूंनी वेढून घेई. खेळाडू लाकडी हातमोज्यात हात घालावा तसा हात आत सरकवीत असे. हा प्रकार १८९६ च्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिकमध्ये होता आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकनंतर तो ऑलिंपिकमधून वगळण्यात आला. दक्षिण कोरियाच्या जिन जोंग-ओ याने २००८, २०१२ व २०१६ अशा तीन सलग ऑलिंपिकमध्ये त्यात सुवर्णपदक मिळविले. हवाई पिस्तुलाच्या मुठीवर मात्र अधिक बंधने आहेत. ती हाताभोवती वेढा घालू शकत नाही, मनगटाला टेकू देऊ शकत नाही आणि अंगठा मोकळेपणाने वर उचलता आला पाहिजे. तळहाताच्या खालच्या बाजूस जी आडवी फळी असते, तिचा मुठीशी होणारा कोन ९० अंशांपेक्षा कमी असता कामा नये. या शेवटच्या नियमाने आम्हाला पुढे चांगलाच धडा शिकविला.

आमची चूक

भेट मिळालेल्या पिस्तुलाची मूठ उजव्या हाताची आणि मध्यम मापाची होती. नेमबाजीसाठी निवडलेल्या मुलामुलींमध्ये आठवीतील एक विद्यार्थिनी होती. तिचे मन एकाग्र होई, उभे राहणे स्थिर होते, शिस्त निर्दोष होती. पण छर्रे लक्ष्यभर विखुरलेले. बरोबरीची मुले पुढे गेली, ती तेथेच राहिली. आम्ही तिला काय सांगितले? आणखी सराव कर. चार महिने आम्ही हेच सांगत होतो. ती कधी तक्रार करीत नसे. एके दिवशी मात्र तिने विचारले, “सर, काही जणांचा हात यासाठी नसतोच, असं असतं का?” आम्ही तेव्हाही धीर धर म्हणालो आणि विषय संपविला.

या प्रश्नाचे उत्तर आमच्याऐवजी भोजनगृहातील मावशींनी दिले. जेवणाच्या पंगतीत वाढताना त्यांनी आम्हाला सहज म्हटले, “सर, ही पोरगी डावखुरी हाय. कुणी बघत नसलं म्हंजी पळी डाव्या हातात धरती. बघत असलं की उजव्या हातात घेती.” चौकशी केल्यावर कळले, की घरी लहानपणी डाव्या हाताने खाण्यालिहिण्यावरून तिला फटके बसले होते. शाळेत आली तेव्हा ती उजव्या हाताने लिहीत होती, म्हणून आम्ही तिला उजव्या हाताचीच समजलो. पिस्तूलही उजव्या हाताचे होते, तेव्हा डावा हात आहे हे सांगण्याची तिला सोयच उरली नव्हती.

आम्ही मग तिच्या डोळ्यांची साधी परीक्षा घेतली. दोन्ही डोळे उघडे ठेवून दूरच्या एखाद्या वस्तूवर बोट रोखायचे आणि मग एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याने पाहताना बोट वस्तूवरच राहते, तो डोळा प्रमुख. तिचा डावा डोळा प्रमुख होता. म्हणजे चार महिने ती परक्या हाताने आणि परक्या डोळ्याने, तिच्या पंजापेक्षा मोठी असलेली मूठ आवळून नेम धरीत होती. आणि आम्ही तिच्या सरावात उणीव शोधीत होतो.

त्या संध्याकाळी आम्ही तिला हंगेरीच्या कारोली ताकाच याची हकीकत सांगितली. ताकाच हा सैन्यात सार्जंट होता आणि उत्तम पिस्तूल नेमबाज होता. १९३६ च्या ऑलिंपिक संघात त्याला घेतले नाही, कारण त्या देशात तेव्हा ती संधी फक्त अधिकारी दर्जाच्या सैनिकांना होती. हे बंधन पुढे उठले. पण १९३८ मध्ये सरावाच्या वेळी हातबॉम्ब फुटून त्याचा उजवा हात निकामी झाला. त्याने कोणाला न सांगता डाव्या हाताने सराव केला. दुसऱ्या वर्षी राष्ट्रीय स्पर्धेच्या ठिकाणी तो दिसला, तेव्हा तो केवळ पाहावयास आला आहे असे सहकाऱ्यांना वाटले. ती स्पर्धा त्याने जिंकली. युद्धामुळे १९४० व १९४४ ची ऑलिंपिक झाली नाहीत. १९४८ मध्ये लंडन येथे, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, त्याने २५ मीटर शीघ्र पिस्तूल प्रकारात ५८० गुणांच्या विश्वविक्रमासह सुवर्णपदक मिळविले आणि १९५२ मध्ये हेलसिंकी येथे ते पुन्हा मिळविले. हकीकत ऐकून ती विद्यार्थिनी म्हणाली, “मग मला डाव्या हातानं धरून बघू का?” तिने धरून पाहिले. मूठ उजव्या हाताची असल्याने अंगठ्याची जागा बोटांखाली आली आणि बोटांच्या खाचा तळहातात रुतल्या. आता काम तिचे नव्हते, आमचे होते.

मूठ कशी घडविली

नवे आयात केलेले पिस्तूल लाखाच्या पुढे जाते. ते आमच्या आवाक्याबाहेरचे होते. आम्ही ठरविले, की पिस्तुलाच्या धातूच्या कोणत्याही भागाला हात लावायचा नाही. नळी, झडपा, चापाची यंत्रणा यांत फेरफार करणे हे धोक्याचे आहे आणि ते आमचे कामही नव्हे. येथे विद्यार्थ्यांच्या माहितीसाठी हेही नोंदवितो, की १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार परवान्यावाचून अग्निशस्त्र तयार करणे वा त्यात बदल करणे हा गुन्हा आहे. खेळासाठी पिस्तूल घडविणे म्हणजे आमच्यापुरते तरी लाकडाची मूठ घडविणे होते.

शाळेच्या इमारतीचे लाकूडकाम करणारे सुतारकाका तयार झाले. पिस्तूल त्यांनी पूर्वी कधी हातात घेतले नव्हते, पण कुऱ्हाडी, वाकस आणि विळ्यांना दांडे व मुठी बसविण्यात त्यांचे आयुष्य गेले होते. त्यांनी प्रथम मुलीचा हात पाहिला, मग पिस्तूल पाहिले. आम्ही चार महिने नेमका उलटा क्रम पाळला होता.

पहिली पायरी मापाची. तिचा डावा पंजा कागदावर ठेवून त्याभोवती रेघ ओढली. नंतर शाडूच्या मातीचा गोळा तिला पिस्तुलासारखा धरावयास दिला. हात सरळ पुढे, खांद्याच्या उंचीवर, मनगट ताठ पण आवळलेले नाही. त्या गोळ्यावर बोटांचे, तळहाताच्या उंचवट्याचे आणि अंगठा-तर्जनीमधील बेचक्याचे जे ठसे उमटले, तो मुठीचा पहिला आराखडा. गोळा सावलीत वाळविला.

दुसरी पायरी आतील पोकळीची. जुन्या चौकटीचा सागवानी तुकडा घेऊन काकांनी जुन्या मुठीच्या आतली पोकळी त्यात हुबेहूब कोरली. बाहेरच्या आकारापेक्षा त्यांना याच कामाला अधिक वेळ लागला. मूठ पिस्तुलाच्या सांगाड्यावर केसभरही हलता कामा नये. ती हलली तर बाहेरून कितीही सुबक असली तरी व्यर्थ.

तिसरी पायरी बाहेरच्या आकाराची. लाकूड मुद्दाम जास्त ठेवून कानशीने थोडे थोडे काढावयाचे. घासलेले लाकूड परत येत नाही, म्हणून ही घाई करण्याची जागा नव्हे. कोठे टोचते हे ओळखण्यासाठी मुलीच्या तळहाताला खडूची पूड लावून तिला मूठ धरावयास देत असू. जेथे पांढरा डाग दाट, तेथे दाब अधिक. तेथेच कानस फिरवावयाची. या वेळी बोटांची कामे आम्हाला नीट समजली. मधले बोट आणि अनामिका यांनी मूठ सरळ मागे, तळहाताकडे ओढून धरायची. करंगळी हलकी राहते. अंगठा नुसता टेकतो, दाबत नाही. तर्जनीचे पहिले पेर चापावर येते, आणि तिचा उरलेला भाग लाकडाला स्पर्शही करीत नाही. स्पर्श झाला, तर चाप ओढताना तर्जनी पिस्तूलच बाजूला ढकलते. पूर्वीच्या मोठ्या मुठीत तिचे बोट चापापर्यंत जेमतेम पोचत असे आणि ती नकळत पिस्तूल वळवीत असे, हे आता स्पष्ट झाले.

चौथी पायरी डोळे मिटून करावयाची परीक्षा. हीच सर्वांत महत्त्वाची. खेळाडूने पिस्तूल धरायचे, डोळे मिटायचे, हात उचलून लक्ष्याच्या दिशेने स्थिर करायचा आणि मग डोळे उघडायचे. माशी खाचेत मधोमध दिसली, तर मूठ बरोबर. ती उजवीकडे दिसली, तर नळीचे तोंड उजवीकडे वळलेले आहे. मनगट वाकवून ते दुरुस्त करायचे नाही, मूठ दुरुस्त करायची. माशी वर दिसली, तर तळहाताच्या टाचेजवळचे लाकूड थोडे काढायचे, म्हणजे तोंड खाली येते. खाली दिसली, तर तेथेच भर घालायची. भर घालण्यासाठी आम्ही बाजारात मिळणारी एपॉक्सी पुट्टी वापरली. ती कातडीला लागू नये म्हणून हाताला पातळ प्लास्टिक गुंडाळून मूठ धरावयास दिली, आणि सुकल्यावर पुन्हा कानस फिरविली. ही परीक्षा सकाळी घ्यावी आणि दुपारीही घ्यावी, कारण उन्हाळ्यात दिवस चढतो तसा हात फुगतो आणि घाम येतो. शेवटी टोच्याने सगळ्या पृष्ठभागावर बारीक टिपके पाडले, म्हणजे घामाने मूठ निसटत नाही.

हे काम दोन महिने चालले. पिस्तूल एकच असल्याने सकाळी उजव्या हाताची मुले जुन्या मुठीने सराव करीत आणि संध्याकाळी ती मूठ उतरवून नवी बसविली जाई. पूर्वी तिचे छर्रे जेवणाच्या ताटाएवढ्या जागेत विखुरत. पहिल्याच आठवड्यात ती जागा वाटीएवढी झाली. तिने त्या दिवशीचा लक्ष्याचा कागद मावशींना नेऊन दाखविला.

नियमपुस्तकाचा धडा

यानंतर आम्ही स्पर्धेला गेलो, आणि तेथे आमचे अज्ञान उघडे पडले. तळहाताखालची आडवी फळी आम्ही करंगळीच्या बाजूने किंचित वर वळविली होती. तिला ती सुखाची वाटत होती, म्हणून आम्हीही खूश होतो. तपासणीच्या टेबलावर पंचांनी गुण्या लावला, कोन ९० अंशांपेक्षा कमी भरला आणि मूठ नामंजूर झाली. पंचांचे बरोबर होते. नियम आम्ही वाचला नव्हता. तिची पाळी येण्यास अर्धा तासही उरला नव्हता. एका अनोळखी संघाच्या प्रशिक्षकांनी आपल्या पेटीतील कानस आम्हाला दिली आणि आम्ही व्हरांड्यात बसून ते वळण घासून काढले. ती शेजारी उभी राहून पाहत होती. मूठ मंजूर झाली, पण हाताला ती आता वेगळी लागत होती. पहिले काही छर्रे खाली पडले. मग तिने पिस्तूल टेबलावर ठेवले, थोडा वेळ श्वास सावरला आणि पुन्हा सुरुवात केली. पदक मिळाले नाही. परतीच्या गाडीत आम्ही तिची क्षमा मागितली. ती म्हणाली, “सर, पुढच्या वेळी आधी गुण्या लावू.” आज आमच्या कपाटात त्या गुण्याला पिस्तुलाइतकाच मान आहे.

उपकरण ऐन वेळी दगा देते आणि खेळाडूला त्याची किंमत मोजावी लागते, हे सर्वोच्च पातळीवरही घडते. टोकियो ऑलिंपिकमध्ये मनू भाकर हिच्या पिस्तुलात प्राथमिक फेरी चालू असतानाच बिघाड झाला. दुरुस्तीत मौल्यवान वेळ गेला, ५७५ गुणांसह ती बाराव्या स्थानी राहिली आणि अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. त्याच खेळाडूने २०२४ मध्ये पॅरिस येथे दहा मीटर पिस्तूल प्रकारात कांस्यपदक मिळविले आणि सरबज्योत सिंग याच्या साथीने मिश्र सांघिक प्रकारात दुसरे. आपल्या महाराष्ट्रातही हा वारसा आहे. कोल्हापूरची राही सरनोबत हिने २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळविले. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचे सुवर्ण मिळविणारी ती पहिली भारतीय महिला. आमच्या मुलींच्या वसतिगृहात तिचे छायाचित्र लावलेले आहे.

मूठ आणि वाढता हात

मुठीविषयी आणखी एक गोष्ट सांगून हा लेख आटोपता घेतो. वाढत्या वयाच्या मुलांची मूठ एकदा घडवून भागत नाही. वर्षभरात पंजा रुंदावतो, बोटे लांबतात आणि काल नेमकी बसणारी मूठ आज आवळू लागते. म्हणून दर जून महिन्यात, शाळा उघडताच, आम्ही प्रत्येक खेळाडूचा पंजा पुन्हा कागदावर काढतो आणि गेल्या वर्षीच्या आकृतीवर ठेवून पाहतो. त्याच वेळी कोण डावखुरे आहे, कोणाचा कोणता डोळा प्रमुख आहे, हेही विचारतो. आणि हा प्रश्न आता केवळ नेमबाजीच्या मुलांनाच विचारला जात नाही. नव्या प्रवेशाच्या दिवशी प्रत्येक मुलाला आम्ही तो विचारतो, आणि ज्याने डावा हात सांगितला त्याला बाकाच्या डाव्या टोकाची जागा देतो, म्हणजे लिहिताना त्याचे कोपर शेजाऱ्याला लागत नाही. वर्गशिक्षकांना एवढ्या साध्या गोष्टीसाठी पिस्तुलाकडून शिकावे लागले, याची आम्हाला खंत आहे. पण शिकलो, याचे समाधानही आहे.

ती विद्यार्थिनी आता दहावीत आहे. अभ्यास सांभाळून ती सराव करते. सागवानाची ती पहिली मूठ तिला लहान झाली, म्हणून सुतारकाकांनी तिच्यासाठी दुसरी घडविली. या खेपेस ते स्वतः गुण्या लावून बसले होते. पहिली मूठ तिने परत केली, तेव्हा तिच्यावर खिळ्याने कोरून एक आकडा घातला होता: १. आम्ही त्याचा अर्थ विचारला. ती म्हणाली, पुढे कोणी डावखुरे आले, तर त्याला उजव्या हातापासून सुरुवात करावी लागू नये. ती मूठ आम्ही क्रीडासाहित्याच्या कपाटात वरच्या फळीवर ठेवली आहे. यंदा पाचवीत आलेल्या मुलांपैकी दोघांनी डावा हात वर केला आहे.